मुळांवर गाठी, पानांचा अंकुश

शिंबावर्गातील वनस्पतींच्या मुळांवर, म्हणजे हरभरा, तूर, मूग, सोयाबीन, वाटाणा, भुईमूग यांच्या मुळांवर, ज्या गाठी येतात त्यांत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो, पण कोणत्याही वनस्पतीला तो थेट वापरता येत नाही. गाठीतले जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करून तो झाडाला देतात आणि मोबदल्यात पानांनी तयार केलेली साखर घेतात. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये गाठी आणि हवेतला नत्र यांचा संबंध प्रयोगाने दाखवला. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतून जिवाणू वेगळा केला. त्यानंतर अनेक दशके गाठीच्या आत काय घडते, याचाच अभ्यास मुख्यतः होत राहिला. गेल्या चाळीस वर्षांत आणखी एक प्रश्न पुढे आला: गाठ कधी, कुठे आणि किती यावी, हे कोणती जनुके ठरवतात?

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. पहिलीनुसार गाठ ही जिवाणूची करणी आहे. जिवाणू जितके जास्त तितक्या गाठी जास्त, आणि गाठी जितक्या जास्त तितका नत्र जास्त. झाडाने घातलेली मर्यादा ही उत्पादनाच्या वाटेतली अडचण. दुसरीनुसार गाठ हा झाडाचाच अवयव आहे आणि त्याची संख्या झाड स्वतःच्या हिशेबाने ठरवते. पहिली दृष्टी येथे पूर्वपक्ष म्हणून आणि दुसरी उत्तरपक्ष म्हणून मांडली आहे.

सुरुवात कोणाची?

पूर्वपक्ष : निर्जंतुक वाळूत सोयाबीन पेरले तर मुळे पांढरी आणि गुळगुळीत राहतात, एकही गाठ येत नाही. त्याच वाळूत योग्य जिवाणूंचे संवर्धन मिसळले की दोन-तीन आठवड्यांत गाठी दिसू लागतात. म्हणजे कर्ता जिवाणूच. त्याच्याकडून झाडाला जाणारा रासायनिक संदेशही ज्ञात आहे. त्याला नॉड-घटक म्हणतात. कायटिनच्या जातीच्या चार-पाच शर्करा एककांची ती साखळी असून तिला मेदाम्लाचे शेपूट असते. लसूणघासावर वाढणाऱ्या जिवाणूच्या नॉड-घटकाची रचना १९९० मध्ये फ्रान्समध्ये उलगडली. हा पदार्थ अत्यल्प प्रमाणात दिला तरी मुळावरचे केस वाकू लागतात आणि मुळाच्या सालीतल्या पेशींचे विभाजन सुरू होते. झाड फक्त प्रतिसाद देते.

उत्तरपक्ष : जिवाणू नॉड-घटक आपणहून बनवत नाही. नत्राची टंचाई जाणवली की मुळे फ्लेव्होनॉइड नावाची संयुगे मातीत सोडतात. लसूणघासाच्या बाबतीत हे काम ल्युटिओलिन करते, सोयाबीनच्या बाबतीत जेनिस्टीन आणि डायडझीन. जिवाणूतले नॉड-डी हे प्रथिन ही संयुगे ओळखते आणि त्यानंतरच नॉड-घटक बनवणारी जनुके चालू होतात. म्हणजे पहिला इशारा झाडाचा असतो.

नॉड-घटक मुळाशी पोचल्यावर त्याची पारखही झाडच करते. २००३ मध्ये लोटस जॅपोनिकस या प्रायोगिक वनस्पतीत एनएफआर-१ आणि एनएफआर-५ ही दोन ग्राही प्रथिने सापडली. यांपैकी एक जरी निकामी असले तरी मुळाचा केस वाकतच नाही. प्रत्येक जातीच्या जिवाणूच्या नॉड-घटकावर वेगवेगळे रासायनिक अवशेष जोडलेले असतात आणि ग्राही प्रथिने तो फरक ओळखतात. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनवर गाठी करत नाही, यामागे ही निवड मोठ्या प्रमाणावर आहे.

पुढची साखळीही झाडाच्या जनुकांचीच आहे. ग्राही प्रथिनांकडून निरोप निघाला की पेशीकेंद्रकात कॅल्शियमची पातळी ठरावीक अंतराने चढत-उतरत राहते. सीकॅमके हे प्रथिन ही चढउतार वाचते आणि सायक्लॉप्स या प्रथिनाला जागे करते. मग एनएसपी-१ आणि एनएसपी-२ यांच्या जोडीने ‘निन’ हे जनुक चालू होते. निन १९९९ मध्ये लोटसमध्ये ओळखले गेले. ते नसेल तर गाठीची सुरुवातही होत नाही. सर्वांत ठोस पुरावा २००६ मध्ये मिळाला: सीकॅमकेमध्ये एकच विशिष्ट बदल झाला, तर ते प्रथिन कायमचे चालू राहते आणि निर्जंतुक वातावरणात, एकही जिवाणू नसताना, मुळावर गाठी येतात. त्या आतून रिकाम्या असतात, पण रचनेने गाठीच असतात. सायटोकायनिन या संप्रेरकाच्या ग्राही प्रथिनात तसाच बदल झाला, तरी हेच घडते. गाठीचा आराखडा झाडाच्या जनुकसंचात आधीपासून असतो, जिवाणू तो फक्त उघडायला लावतो.

पूर्वपक्ष : या साखळीला अपवाद आहेत. भुईमुगात जिवाणू मुळाच्या केसातून आत जातच नाही. उपमुळे फुटताना सालीला जी भेग पडते, तिथून तो शिरतो. एस्किनोमेनी या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतींच्या काही जातींवर तर असे जिवाणू गाठी करतात, ज्यांच्याकडे नॉड-घटक बनवण्याची जनुकेच नाहीत. २००७ मध्ये त्यांच्या जनुकसंचाच्या वाचनातून हे सिद्ध झाले. संदेशच नसेल, तर त्याच्या पारखीला अर्थ काय उरतो?

उत्तरपक्ष : या उदाहरणांत प्रवेशाची रीत वेगळी आहे, पुढचे काम त्याच जनुकांचे आहे. एस्किनोमेनीमध्येही सीकॅमके किंवा सायटोकायनिनचे ग्राही प्रथिन दाबून टाकले, तर गाठी येण्याचे प्रमाण घसरते. ही जनुके गाठींपेक्षाही जुनी आहेत. मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीला आत घेण्यासाठी चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पती जी यंत्रणा वापरत होत्या, तिचाच मोठा भाग शिंबावर्गाने गाठींसाठी वापरात आणला. भातावर गाठी येत नाहीत, तरी भातातले सीकॅमके जनुक शिंबावर्गीय वनस्पतीच्या सदोष रोपात घातले तर त्या रोपावर पुन्हा गाठी येतात.

संख्या कोण ठरवते?

पूर्वपक्ष : सुरुवात झाडाच्या संमतीने होते, हे मान्य. पण संख्या तरी मातीतल्या जिवाणूंच्या गर्दीवर आणि मुळावरच्या जागेवरच अवलंबून असली पाहिजे. मूळ लांब आहे, जिवाणू लाखोंनी आहेत; झाड मोजमाप कुठे आणि कसे ठेवणार?

उत्तरपक्ष : या शंकेचे उत्तर तीन प्रयोगांनी दिले. पहिला १९८४ सालचा. सोयाबीनच्या रोपाची मुळे दोन भागांत विभागून शेजारशेजारच्या दोन कुंड्यांत लावली. एका कुंडीत आधी जिवाणू सोडले, दुसरीत काही दिवसांनी. दुसऱ्या कुंडीत जिवाणू भरपूर होते, मूळ ताजे होते, जागा मोकळी होती, तरी गाठी फारच थोड्या आल्या. पहिल्या भागात गाठी सुरू झाल्याची वार्ता कुठून तरी दुसऱ्या भागाला पोचली होती.

दुसरा १९८५ सालचा, ऑस्ट्रेलियातला. ब्रॅग या सोयाबीन वाणाच्या बियांवर रासायनिक प्रक्रिया करून उत्परिवर्तने घडवली आणि नत्रयुक्त पाण्यातही भरपूर गाठी येणारी रोपे निवडली. सामान्य सोयाबीनमध्ये नायट्रेट दिले की गाठी थांबतात. एनटीएस-३८२ या निवडलेल्या वाणात त्या थांबत तर नाहीतच, उलट मूळ वाणाच्या अनेक पटींनी येतात. अशा वाणांना अतिग्रंथी वाण म्हणता येईल.

तिसरा १९८६ सालचा, कलमांचा. अतिग्रंथी रोपाचा शेंडा सामान्य रोपाच्या खुंटावर बांधला, तेव्हा सामान्य मुळांवर गाठींची दाटी झाली. सामान्य शेंडा अतिग्रंथी खुंटावर बांधला, तेव्हा गाठी नेहमीइतक्याच आल्या. मुळांची जनुके कोणतीही असोत, संख्या ठरली ती शेंड्याच्या जनुकांवर. मुळावरच्या गाठींचा आकडा पानांत ठरतो, हा या क्षेत्रातला सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष होता.

पूर्वपक्ष : पान आणि मूळ यांत हा निरोप नेतो कोण?

उत्तरपक्ष : पहिल्या गाठींचा पाया पडू लागला की मुळातल्या पेशी सीएलई गटातली लहान पेप्टाइडे बनवतात. त्यांच्यावर अरॅबिनोज या शर्करेची साखळी चढते आणि ती जलवाहिन्यांतून वर जातात. पानांच्या वाहिन्यांत त्यांना ओळखणारे ग्राही प्रथिन असते. सोयाबीनमध्ये त्याला नार्क, लोटसमध्ये हार-१, तर मेडिकागो या दुसऱ्या प्रायोगिक वनस्पतीत सन म्हणतात. हार-१ चे जनुक २००२ मध्ये आणि नार्कचे २००३ मध्ये ओळखले गेले. एनटीएस-३८२ मध्ये नार्कच निकामी झालेले होते.

पानांकडून परतीचा निरोप नकारार्थी आहे. एरवी पाने २१११ क्रमांकाचा एक सूक्ष्म आरएनए सतत बनवून खाली पाठवत असतात. मुळात तो टीएमएल या प्रथिनाची निर्मिती रोखून धरतो. टीएमएल कमी असेपर्यंत मूळ नव्या गाठींना तयार असते. मुळाकडून सीएलई पेप्टाइडे वर पोचली की नार्क किंवा हार-१ च्या द्वारे या आरएनएची निर्मिती मंदावते. मुळात टीएमएल साचते आणि नव्या गाठी थांबतात. ही साखळी २०१८ मध्ये लोटसमध्ये स्पष्ट झाली. गाठीची सुरुवात करणारे निन हेच जनुक लोटसमध्ये सीएलई पेप्टाइडांची जनुकेही चालू करते, हे २०१४ मध्ये दाखवले गेले होते. म्हणजे गाठ सुरू करण्याच्या आज्ञेतच ती आवरण्याची तजवीज असते.

जमिनीत नायट्रेट मुबलक असेल, तेव्हाही असेच पेप्टाइड तयार होऊन गाठी रोखते. युरियाची मोठी मात्रा दिलेल्या कडधान्याच्या मुळांवर गाठी विरळ दिसण्याचे हे एक प्रमुख जनुकीय कारण आहे. उलट नत्राची टंचाई असेल, तर मेडिकागोमध्ये सीईपी नावाची दुसरी पेप्टाइडे सीआरए-२ या ग्राही प्रथिनाच्या मार्फत तोच सूक्ष्म आरएनए वाढवतात. एकाच आरएनएची मात्रा वर-खाली करून झाड गरज आणि पुरवठा यांचा मेळ घालते.

पूर्वपक्ष : जिवाणूची खबर मुळाला सर्वांत आधी लागते. मग मुळानेच निर्णय का घेऊ नये? वर जाऊन खाली येण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

उत्तरपक्ष : मूळ निर्णय घेतेच, पण जागेपुरता. मेडिकागोच्या ‘सिकल’ या उत्परिवर्तित रोपाला इथिलीन वायूची जाणीव होत नाही. त्याच्या मुळावर गाठी सुमारे दहा पटींनी आणि गर्दीने येतात, हे १९९७ मध्ये दिसले. कोणत्या ठिकाणी गाठ यावी आणि कोणत्या ठिकाणी येऊ नये, यात इथिलीनचा हात असतो. एकूण किती गाठी परवडतील, हे मात्र साखर बनवणाऱ्या पानांनाच कळते. जिवाणूतल्या नायट्रोजनेज या विकराला नत्राचा एक रेणू फोडण्यासाठी पेशीला ऊर्जा पुरवणारे किमान सोळा एटीपी रेणू खर्चावे लागतात. गाठी बांधणे आणि पोसणे यांचा खर्चही धरला, तर एक ग्रॅम नत्रासाठी साधारण सहा ग्रॅम कर्ब लागतो. ही साखर शेंगांच्या वाट्यातूनच जाते.

आत घेतलेल्या जिवाणूवर ताबा

पूर्वपक्ष : संख्येवर ताबा असला, तरी एकदा आत शिरलेला जिवाणू झाडाच्या हाताबाहेर जातो. साखर खाऊन नत्र न देणारा जिवाणू आत आला, तर झाड काय करणार?

उत्तरपक्ष : झाडाकडे यासाठी तीन पातळ्यांवर उपाय आहेत. पहिला प्रवेशाचा. सोयाबीनमधले आरजे-२ हे जनुक रोगप्रतिकारक जनुकांच्या कुळातले आहे. ज्या वाणात ते असते, तो वाण यूएसडीए-१२२ सारख्या ठरावीक जिवाणूंना गाठी करू देत नाही.

दुसरा उपाय जिवाणूच्या रूपांतराचा. मेडिकागो, वाटाणा, हरभरा यांच्या गटातल्या वनस्पती गाठीत एनसीआर नावाची पेप्टाइडे सोडतात. मेडिकागोमध्ये त्यांची सहाशेहून अधिक जनुके आहेत. त्यांच्या प्रभावाखाली जिवाणू मोठा होतो, त्याचा डीएनए अनेक पटींनी वाढतो आणि त्याची विभाजनक्षमता संपते. नत्र स्थिर करण्यापुरताच तो उरतो. सोयाबीन आणि मुगाच्या गोल गाठींत अशी पेप्टाइडे नसतात. तिथले जिवाणू गाठ कुजल्यावर पुन्हा मातीत वाढू शकतात.

तिसरा उपाय शिक्षेचा. २००३ मध्ये सोयाबीनच्या काही गाठींभोवती नत्रविरहित हवा, म्हणजे आर्गॉन आणि प्राणवायू यांचे मिश्रण, खेळवण्यात आली. त्या गाठींतल्या जिवाणूंना नत्र स्थिर करणे अशक्य झाले. त्यांची संख्या साध्या हवेतल्या गाठींच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आली. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केल्याचे मोजमापांवरून सूचित झाले.

प्राणवायूची ही दोरी झाडाच्याच हाती असते. नायट्रोजनेज प्राणवायूने निकामी होते, पण जिवाणूला श्वसनासाठी प्राणवायू लागतोही. हा पेच लेगहिमोग्लोबिन हे झाडाने बनवलेले लालसर प्रथिन सोडवते. ते प्राणवायू धरून ठेवून मोजून पुरवते. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी सोयाबीनचे रोप मुळासकट खणून काढले, मुळे पाण्यात हलवून माती झटकली आणि एक गाठ नखाने चिरली, की हा रंग दिसतो. आतला भाग गुलाबी किंवा लाल असेल तर गाठ कामाची. पांढरा असेल तर ती कोवळी किंवा निष्क्रिय, हिरवट-तपकिरी असेल तर तिचे आयुष्य संपत आलेले.

अंकुश काढून टाकावा का?

पूर्वपक्ष : झाडाचा हा हिशेब रानात वाढणाऱ्या वनस्पतीसाठी ठीक आहे. तिला फक्त तगायचे असते. शेतकऱ्याला उत्पादन हवे असते आणि खतावरचा खर्च वाचवायचा असतो. नार्क निकामी केलेला वाण नत्रयुक्त जमिनीतही गाठी करतो. तोच सर्वत्र का पेरू नये?

उत्तरपक्ष : हे करून पाहिले गेले आहे. अतिग्रंथी सोयाबीनचे उत्पादन बहुतेक चाचण्यांत मूळ वाणाहून कमी भरले. गाठी असंख्य, पण लहान. मुळांचा विस्तार कमी. आणि साखरेचा मोठा भाग गाठींतच मुरतो. हार-१ निकामी असलेला लोटस जिवाणूंच्या सोबतीने वाढवला तर खुरटतो. जपानमध्ये अतिग्रंथी सोयाबीनचा दुसऱ्या वाणाशी संकर करून साकुकेई-४ हा वाण तयार केला गेला. त्यात हा तोटा बराच भरून निघाला, पण त्यासाठी अनेक पिढ्यांची निवड लागली. एकटे जनुक मोडल्याने ते साधले नाही.

पूर्वपक्ष : म्हणजे अंकुश पूर्ण काढणे घातक आहे, एवढेच सिद्ध होते. तो थोडा सैल केला तर?

उत्तरपक्ष : त्या सूचनेला पुरावा आहे. सोयाबीनमध्ये मुळाकडून वर जाणाऱ्या सीएलई पेप्टाइडांची जनुके अनेक आहेत. चीनमधील संशोधकांनी जनुकसंपादनाने त्यांपैकी दोनच निकामी केली. गाठी वाढल्या, पण माफक. शेतातल्या चाचण्यांत बियांचे उत्पादन आणि प्रथिनांचे प्रमाण दोन्ही वाढल्याचे त्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. नार्क मोडले की निरोप ऐकणारा कानच जातो. इथे मात्र निरोप फक्त क्षीण झाला. दोन्ही पक्षांचे म्हणणे इथे एका जागी येते: झाडाची मर्यादा अढळ नाही, पण तिला ओलांडून जाण्यापेक्षा तिच्यात बेताचा बदल करणे फायद्याचे आहे.

पूर्वपक्ष : मग गहू, भात, ज्वारी यांच्या मुळांवरही गाठी आणता येतील, अशी आशा धरायला हरकत नाही.

उत्तरपक्ष : सुरुवातीची यंत्रणा तृणधान्यांकडे मायकोरायझामुळे आहेच, म्हणून आशा अवास्तव नाही. पण गाठ येणे म्हणजे नत्र मिळणे नव्हे. जिवाणूची पारख, गाठीची रचना, प्राणवायूचे नियंत्रण आणि संख्येची मर्यादा हे चारही टप्पे एकत्र आणावे लागतील. गाठी येणाऱ्या वनस्पतींच्या नात्यातल्या अनेक कुळांनी निनसारखी जनुके उत्क्रांतीत गमावली, हे २०१८ च्या जनुकसंचांच्या तुलनेतून दिसले. नत्र सहज मिळतो तिथे हे सहजीवन झाडाला टाकून द्यावेसे वाटण्याइतके खर्चिक ठरते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

निर्णय

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातून पुढील गोष्टी ठरतात. जिवाणू अपरिहार्य आहे, पण गाठीचा आराखडा झाडाच्या जनुकांत आहे. सुरुवात मुळात होते, संख्येची मर्यादा पाने घालतात आणि जिवाणूच्या कामावर देखरेख गाठीतच होते. या तिन्ही पातळ्यांवरची जनुके आता बऱ्याच अंशी माहीत झाली आहेत. पैदासकारांपुढचे काम गाठींची संख्या जास्तीत जास्त करणे हे नसून पानांच्या कमाईशी जुळेल इतकी ती वाढवणे हे आहे.

शेतापुरता याचा अर्थ सरळ आहे. पेरणीपूर्वी बियाण्याला त्या पिकाच्याच जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया करावी. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही. नत्राची मात्रा शिफारशीपलीकडे नेऊ नये, कारण जास्तीचा नत्र झाडाला गाठी थांबवायला सांगतो. आणि गाठी तपासताना त्या मोजण्यापेक्षा चिरून पाहाव्यात: आतून गुलाबी असलेल्या थोड्या गाठी पांढऱ्या असंख्य गाठींपेक्षा जास्त नत्र देतात.